मदत हवी आहे: खालच्या मजल्यावर ड्रग्ज विकतात असा संशय आहे, पोलिसांना कसं कळवू?

मंडळी, नवा आयडी काढून लिहितेय. का ते पुढे कळेलच.

आमच्या खालच्या मजल्यावर पाचेक महिन्यांपूर्वी नवे भाडेकरू आले. आठवड्यातून तीन-चार रात्री, अकरानंतर, माणसं येतात. बेल वाजवत नाहीत, खालून फोन करतात. दार बोटभर उघडतं, हात बाहेर येतो, दोन मिनिटांत माणूस जिन्याखाली. जिन्यात दोनदा बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या, रिकाम्या. नवरा म्हणतो, नसती उठाठेव करू नकोस. त्या लोकांना माझं नाव कळलं तर? आणि संशय खोटाच निघाला तर?

बारकावे
दोन मिनिटांत जाणारी माणसं म्हणजे ड्रग्जच कशावरून? कुणी जुने मोबाईल विकत असेल. पिशव्यांत बटणंही येतात. घाई नको.

जुनाखोड
बारकावे, बटणं घ्यायला रात्री साडेअकराला कोण येतं हो?
ताई, इमारतीच्या वॉट्सअॅप गटावर चुकूनही लिहू नका. तिथून तासाभरात त्यांच्यापर्यंत पोचतं. दाराशी जाऊन जाब विचारू नका, समोरून फोटो काढू नका. सुई-सिरिंज दिसली तर उघड्या हाताने उचलू नका.
भारतात असाल तर १९३३ ही ड्रग्जविरोधी सरकारी 'मानस' हेल्पलाइन आहे, ब्रिटनमध्ये गुन्ह्यांची निनावी माहिती घेणारी क्राइमस्टॉपर्स संस्था, ०८०० ५५५ १११. दोन्हीकडे नाव न सांगता बोलता येतं. मारामारी चालू असेल किंवा कुणी बेशुद्ध पडलं असेल तरच तातडीचा नंबर.

कलमबहाद्दर
निनावी माहितीवर पोलीस लगेच दार फोडत नाहीत, आधी ती पडताळतात. म्हणून पडताळता येईल असं लिहा. 'ते ड्रग्ज विकतात' हे तुमचं मत झालं. 'मंगळवारी ११:४० ला पांढरी स्कूटर, नंबर अमुक, दीड मिनिट थांबली' हे उपयोगाचं.
अमेरिकेतले दोन खटले पाहा. १९७८ मध्ये इलिनॉयमधल्या पोलिसांना निनावी पत्र आलं: अमुक जोडपं फ्लोरिडाहून गाडीतून माल आणतं, कोण विमानाने जातं, कोण गाडी चालवतं. पोलिसांनी पाळत ठेवली, बरंचसं जुळलं, डिकीत दीडशे किलोहून जास्त गांजा मिळाला. पत्रातला एक तपशील चुकला होता, तरी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झडती ग्राह्य धरली. उलट २००० सालच्या निकालात, 'बसथांब्यावरच्या चौकड्याच्या शर्टातल्या मुलाकडे पिस्तूल आहे' एवढ्याच निनावी फोनवर घेतलेली झडती बेकायदा ठरली. पिस्तूल खरंच सापडलं होतं, तरीही.
आणि संशय प्रामाणिक असेल तर तो चुकला म्हणून कुणी तुम्हाला धरत नाही. जाणूनबुजून खोटं सांगणं हा वेगळा मामला.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. एक गोष्ट लिहायची टाळत होते. येणाऱ्यांत शेजारच्या वहिनींचा मुलगा आहे. सतरा वर्षांचा. माझ्यासमोर मोठा झालाय. मी कळवलं आणि नेमका त्याच रात्री तो तिथे असला तर?

जुनाखोड
हे आधी सांगायचं ना. विकणाऱ्याबद्दल कळवा, घेणाऱ्यांची नावं देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पण तो त्या दाराशी सापडणारच नाही, याची हमी कुणी देणार नाही. वहिनींशी वेगळं बोला, आणि विकणाऱ्याचा विषय न काढता. 'तो रात्री बाहेर असतो, तब्येत उतरलीय' एवढंच. खबरीचं कळलं तर मुलगा विकणाऱ्यांना सावध करेल.

धागाकर्ती
दहा दिवसांच्या वेळा आणि दोन गाड्यांचे नंबर लिहून काढले. आज दुपारी फोन केला, नाव विचारलं नाही. वहिनींचं दार मात्र दोनदा वाजवायला गेले आणि परत आले. सुरुवात कशी करू, कुणी सांगाल का?