चार फुटी प्रवाळ टाकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी पूरक एलईडी पट्ट्या: निवड, जागा आणि प्रकाश वाढवण्याचा वेग याबाबत मार्गदर्शन हवे आहे

निळाशार (कोथरूड, पुणे)

नमस्कार. माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खडक आणि वाळू वजा केल्यास तिच्यात सुमारे २४० लिटर पाणी राहते. टाकी अडीच वर्षांची असून तिच्यात फक्त मऊ प्रवाळे आहेत: झोअँथिड (देठावर फुलासारखी तोंडे असलेल्या वसाहती), मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक बऱ्यापैकी मोठे लेदर (चामड्यासारख्या पृष्ठभागाचे प्रवाळ). ९० वॅटचा एकच एलईडी दिवा टाकीच्या मध्यावर, पाण्यापासून २५ सेंटीमीटर उंचीवर टांगलेला आहे. तो ७० टक्के क्षमतेवर रोज नऊ तास चालतो.

गेल्या सहा महिन्यांत खडकांची रचना दोन्ही बाजूंना वाढवली, आणि तेव्हापासून अडचण जाणवू लागली. मध्यभागातील झोअँथिड घट्ट आणि आखूड देठाचे आहेत, परंतु डाव्या कोपऱ्यात लावलेल्या त्याच जातीच्या वसाहतीचे देठ लांबत चालले आहेत आणि रंग तपकिरी पडला आहे. लेदरची दिव्याकडची बाजू छान फुलते, खडकाच्या सावलीतली बाजू मात्र आक्रसलेली राहते. पाण्यात दोष असावा असे वाटत नाही: खारटपणा ३५ पीपीटी, तापमान २५ ते २६ अंश, नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.०८ पीपीएम आहे.

आहे तो दिवा काढून मोठा घेण्यापेक्षा त्याच्या जोडीला ३० वॅटच्या, साडेतीन फूट लांबीच्या दोन एलईडी पट्ट्या लावाव्यात, असा विचार आहे. पट्ट्या निव्वळ निळ्या घ्याव्यात की पांढऱ्याही, त्या पुढे लावाव्यात की मागे, आणि उन्हाळ्यात त्यांच्या उष्णतेने चिलरवर (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रावर) किती भार येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठ (ठाणे)

तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून टाकीत प्रकाश कमी आहे असे म्हणण्यापेक्षा तो एकाच जागी साठला आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. भिंगे लावलेला छोटा एलईडी दिवा जवळजवळ एका बिंदूतून प्रकाश फेकतो, त्यामुळे खडकाच्या आणि प्रवाळाच्या मागे काळीभोर सावली पडते. जुन्या टी-५ (बारीक फ्लुओरेसंट) नळ्यांत ही अडचण नव्हती, कारण संपूर्ण नळी उजळत असे आणि प्रत्येक जागेला अनेक कोनांतून प्रकाश मिळत असे. लांब पट्टी हेच काम करते. म्हणून पट्ट्यांचा निर्णय मला पटतो, पण त्यांचा हेतू प्रकाश पसरवणे हा असावा, वाढवणे हा नव्हे. मध्यभाग आहे तसाच ठेवून कोपरे तेवढे वर आणायचे आहेत.

त्यासाठी आधी मोजमाप हवे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश मोजणारा पार मीटर पुण्यातील एखाद्या छांदिष्टाकडून दोन दिवसांसाठी मागून घ्या. लक्स मोजणाऱ्या मोबाइल ॲपवर येथे विसंबू नये. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेले आहे. ती संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असते आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तिच्या जेमतेम चार टक्के उरते. ज्या निळ्या प्रकाशावर प्रवाळे जगतात, तोच या मापात जवळपास हिशेबाबाहेर राहतो. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार (या मीटरवर दिसणारा आकडा) पुरतो, मशरूम तर त्याहून कमी प्रकाशातही सुखाने राहतात. कोपऱ्यांत ६० ते ७० मिळाला तरी तुमचे काम होईल.

परदेशी संकेतस्थळांवर ३०० पारचे आकडे वाचून अनेकजण दिवे वाढवत नेतात. ते आकडे ॲक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या प्रवाळांसाठी आहेत, आणि अशी सर्व खडकबांधणी करणारी प्रवाळे, तसेच समुद्रपंखे, आपल्याकडे २००१पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. तुम्ही मऊ जातींवरच थांबला आहात हे वाचून मनापासून समाधान वाटले. या धाग्यावर येणाऱ्या नव्या वाचकांसाठी हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटले.

दक्षिणतारा (मेलबर्न)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, आणि डोळ्याच्या संवेदनशीलतेच्या मुद्द्याला माझा एक कटू अनुभव जोडते. येथे परवानगी असल्याने माझ्याकडे परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले ॲक्रोपोरा होते. टी-५ नळ्यांच्या जोडीला मी दोन निळ्या पट्ट्या लावल्या. टाकी फारशी उजळलेली दिसली नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्या पूर्ण क्षमतेवर चालवल्या. दहा दिवसांत वरच्या फांद्यांची टोके पांढरी पडली आणि त्यातली निम्मी वसाहत मी गमावली. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना झेपेल त्याहून अधिक प्रकाश मिळाला की ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात आणि प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकते. आपल्या डोळ्यांना मात्र तोच निळा प्रकाश सौम्य वाटत असतो. तुमच्याकडची मऊ प्रवाळे अधिक सोशिक आहेत, तरीही सुरुवात १५ टक्क्यांवर करा आणि दर आठवड्याला पाच टक्क्यांहून अधिक वाढवू नका. त्यामुळे पट्ट्या घेताना त्यांना डिमर आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. ज्या पट्टीचा प्रकाश कमी करता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

रंगाबाबत माझे मत निळ्याच्या बाजूने आहे. समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेवरची प्रवाळे २० मीटर आणि त्याहून खोल पाण्यात वाढतात. तेथे त्यांच्या वाट्याला येणारा प्रकाश बहुतांशी निळाच असतो. तुमच्या मुख्य दिव्यात पांढरा प्रकाश असणारच, त्यामुळे पट्ट्यांत ४२० ते ४७० नॅनोमीटरचे मिश्रण पुरेसे आहे. यातल्या जांभळट टोकाकडच्या प्रकाशाने झोअँथिडमधली प्रतिदीप्त प्रथिने उजळतात. एकाच तरंगलांबीचे सगळे डायोड असलेली पट्टी मात्र टाळावी, कारण तिच्याखाली काही रंग झळाळतात आणि उरलेले मृतवत दिसतात.

जागेचे म्हणाल तर एक पट्टी पुढच्या काचेजवळ, किंचित मागे झुकवून लावावी, म्हणजे आपण पाहतो त्या बाजूवर प्रकाश पडेल आणि काचेवर थेट पडणार नाही. दुसरी मागच्या बाजूला, लेदरची सावली मोडेल अशी लावावी. दोन्ही मागे लावल्यास खडकांचे दर्शनी भाग अंधारातच राहतील.

तारजोडणी (नाशिक)

मी विद्युत अभियंता आहे, म्हणून उष्णतेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न घेतो. दोन पट्ट्या पूर्ण क्षमतेवर ६० वॅट घेतील. ही सगळी ऊर्जा पाण्यातच उतरली असे मानले, तरी २४० लिटर पाणी तासाला ०.२ अंशाच्या आसपास तापेल. प्रत्यक्षात डायोडची बरीचशी उष्णता पाठीमागच्या ॲल्युमिनिअममधून वर हवेत जाते आणि तुम्ही पट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आतच चालवणार आहात. तेव्हा चिलरची चिंता करू नये. एप्रिल-मेमध्ये पुण्यातील खोलीचे तापमान हे चिलरवरचे खरे ओझे आहे. विजेचा खर्च पूर्ण क्षमतेवर नऊ तास धरला तरी महिन्याला १६ युनिटच्या आसपास येईल.

मला काळजी मिठाची वाटते. पट्टीवर लिहिलेली आयपी-६७ ही श्रेणी एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठरवलेली असते. महिनोन्महिने उडणाऱ्या खाऱ्या तुषारांबद्दल ती काहीही सांगत नाही. पट्टीला २४ व्होल्ट डीसी पुरवठा असलेला प्रकार निवडा, तिचा अडॅप्टर टाकीखालच्या कपाटात न ठेवता बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवा, आणि प्रत्येक तार सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मगच वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल. टाकीच्या सर्व जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर पट्ट्यांच्या आधी ती बसवून घ्यावी, आणि तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. या बाबतीत तडजोड करू नका, कारण त्या पाण्यात रोज तुमचा हात जातो.

निळाशार (कोथरूड, पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशिरा लिहीत आहे, कारण परिणाम पाहूनच लिहावे असे ठरवले होते. पार मीटर मिळाला आणि पहिल्याच मोजणीत चित्र स्पष्ट झाले: मध्यभागी खडकाच्या माथ्यावर २२०, त्याखालच्या वाळूवर ९५, डाव्या कोपऱ्यात २२, उजव्या कोपऱ्यात २८. एकाच टाकीत दहापट फरक असेल याची मला कल्पना नव्हती.

आरसीसीबी बसवल्यानंतर पट्ट्या सांगितल्याप्रमाणे एक पुढे आणि एक मागे लावल्या, १५ टक्क्यांवर सुरू केल्या आणि मुख्य दिवा ७० वरून ६० टक्क्यांवर आणला. आज सहावा आठवडा चालू असून पट्ट्या ४० टक्क्यांवर आहेत. डाव्या कोपऱ्यात आता ६१, उजव्यात ६६ आणि माथ्यावर २१४ पार मिळतो. डावीकडच्या झोअँथिडला आलेली नवी तोंडे आखूड देठाची आहेत. जुने लांबलेले देठ मात्र तसेच आहेत. तिसऱ्या आठवड्यात लेदर पूर्ण मिटले आणि त्यावर मेणासारखा थर दिसू लागला, तेव्हा मी फार घाबरलो होतो. मिटल्यापासून अकराव्या दिवशी तो थर सुटून गेला आणि आता त्याची सावलीतली बाजूही फुलते.

दोन प्रश्न उरले आहेत. पुढच्या काचेवरचे शैवाल पूर्वी चार दिवसांनी पुसावे लागे, आता दोन दिवसांनी लागते; यावर काय करावे? आणि पट्ट्या ५० टक्क्यांपर्यंत न्याव्यात का?

खाडीकाठ (ठाणे)

४० टक्क्यांवरच थांबावे. कोपऱ्यांना हवे होते तेवढे मिळाले आहे, आणि नवी तोंडे आखूड येत आहेत हा त्याचा पुरावा आहे. लेदरने टाकलेला थर ही त्याची नेहमीची कात होती. प्रकाश किंवा प्रवाह बदलला की ते असे करते. अशा वेळी पॉवरहेडचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) प्रवाह त्याच्यावरून हलका फिरवला, तर थर लवकर सुटतो.

काचेसाठी पुढच्या पट्टीचा कोन एकदा तपासा. रात्री खोलीतले दिवे मालवून फक्त तीच पट्टी लावा आणि पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस पांढरा कागद धरा. त्यावर निळा पट्टा उमटला, तर पट्टी आणखी थोडी मागे झुकवायला हवी. पट्टीवरच्या आवरणावर मिठाचा थर बसू लागला की कोपऱ्यांतला पार हळूहळू घसरेल, म्हणून दर पंधरवड्याला वीज बंद करून ते आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसत जा, आणि मीटर परत करण्यापूर्वी स्वच्छ पट्ट्यांखालचे आकडे जागेनिशी लिहून ठेवा.