राजघराण्यातल्या साखरपुड्यावरून स्टाइल्ड शूट : थीम, जागा आणि अंगठीबद्दल सल्ला हवा

निळाई

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये बर्कशायरला राहते आणि लग्नांची फुलसजावट करते. पोर्टफोलिओत सगळी लग्नंच आहेत, साखरपुड्याचं एकही काम नाही. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक स्टाइल्ड शूट, म्हणजे कामाचे नमुने दाखवायला मुद्दाम मांडलेलं फोटोशूट, करायचं ठरवलंय. मी, एक फोटोग्राफर मैत्रीण, मेकअप करणारी एक मुलगी आणि पत्रिका छापणारा एक जण. सगळ्यांनी आपापलं काम विनामोबदला द्यायचं आणि फोटो सगळ्यांनी वापरायचे. जोडपं खरंखुरं आहे, लग्न पुढच्या वर्षी आहे.

थीम आहे ब्रिटनचा राजपुत्र विल्यम आणि केट यांचा साखरपुडा. १६ नोव्हेंबर २०१० ला तो जाहीर झाला त्या दिवशीचा निळ्या ड्रेसमधला फोटो मी कापून ठेवला होता. आईची अंगठी मुलाने होणाऱ्या बायकोच्या बोटात घातली, हे मला तेव्हाही भिडलं होतं आणि आजही भिडतं. शूटमध्ये तेच दिसायला हवं.

सध्याचा बेत असा: लंडनच्या केन्सिंग्टन पॅलेसच्या संकन गार्डनमध्ये (खोलगट बागेत) फोटो, गडद निळा ड्रेस, केसांत छोटा टियारा, मुकुटाचं चिन्ह असलेली पत्रिका, राजवाड्याबाहेर ठेवतात तसं सोनेरी ईझल (फलक ठेवायचा तिपाई स्टँड) आणि त्यावर साखरपुड्याची घोषणा. विल्यमची आई डायना हिला आवडणारी फॉरगेट-मी-नॉटची निळी फुलं वसंतात फुलतात, त्यामुळे ती मिळणार नाहीत. त्याऐवजी पांढरे अ‍ॅनिमोनी, पांढरे गुलाब आणि निळसर सी हॉली यांचा गुच्छ नवरीच्या हातात देईन म्हणते. शेवटी तीन मजली केक.

जोडप्याची स्वतःची अंगठी साध्या हिऱ्याची आहे, तेव्हा निळ्या खड्याची वेगळी आणावी लागेल. ती फोटोत खोटी दिसू नये यासाठी काय करू? शिवाय मैत्रीण म्हणते की हा निळा रंग कॅमेऱ्यात नीट येत नाही. आणि बेत जास्तच भरगच्च होतोय का, तेही सांगा.

उत्तरेची_खिडकी

निळाईताई, कल्पना मनापासून आवडली. मी दागिन्यांचे फोटो काढतो, त्यामुळे अंगठीबद्दल सविस्तर लिहीन, पण आधी बेताबद्दल.

तुमच्या यादीत वेगवेगळे प्रसंग एकत्र आलेत. निळा ड्रेस २०१० चा, आणि तो फोटो सेंट जेम्स पॅलेसच्या आत, दालनात काढलेला. संकन गार्डन विल्यमचा भाऊ हॅरी आणि मेगनचं, २७ नोव्हेंबर २०१७ चं. तिथे मेगनने पांढरा कोट घातला होता आणि ती अंगठी पिवळ्या सोन्यात होती, मधला हिरा बोट्स्वानाचा आणि बाजूचे दोन डायनाच्या संग्रहातले. सोनेरी ईझल बकिंगहॅम पॅलेसच्या अंगणात बाळाच्या जन्माची बातमी द्यायला ठेवतात, साखरपुड्याची नव्हे. आणि टियारा नवरीने लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावर चढवावा अशी तिथली जुनी रीत. साखरपुड्याच्या फोटोत टियारा आला की जाणकार नजरेला तो लगेच खटकतो.

तेव्हा एकच साखरपुडा निवडा आणि त्या वर्षाशी प्रामाणिक राहा. तुमचा जीव २०१० मध्ये आहे हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. मग ईझल, टियारा, केक हे सगळं बाजूला ठेवा. त्या फोटोंची ताकद त्यांच्या साधेपणात आहे: एक रंग, एक हात, एक अंगठी. केटच्या हातात गुच्छही नव्हता. तुम्ही फुलांचं काम करता, त्यामुळे हे सांगताना मला जड जातंय. पण गुच्छ दिला की नवरीचे दोन्ही हात त्यात अडकतात आणि अंगठी झाकली जाते. फुलं खिडकीजवळच्या टेबलावर, जरा खालच्या पातळीवर मांडा. मोठ्या फ्रेममध्ये ती मागे धूसर दिसतील, आणि नंतर फुलं व अंगठी यांचा एक वेगळा फोटो घ्या. तिथे तुमचं काम पूर्ण दिसेल.

आता अंगठी. डायनाची अंगठी म्हणजे १२ कॅरेटचा लंबगोल सिलोनी (श्रीलंकेचा) नीलम, भोवती १४ हिरे, पांढऱ्या सोन्यात. गॅरार्ड या लंडनच्या सराफांकडची. १९८१ च्या फेब्रुवारीत साखरपुडा जाहीर झाला तेव्हा तिने ती निळ्या सूटबरोबर घातली होती, आणि केटनेही निळाच रंग निवडला. मोठा नीलम आणि भोवती हिऱ्यांचं कडं ही घडण त्या घरात फार जुनी आहे. अल्बर्टने व्हिक्टोरिया राणीला १८४० मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी असाच ब्रोच दिला होता. तुमच्या पत्रिकावाल्याला हे नक्की सांगा, त्या लंबगोल कड्यावरून त्याला सुंदर नक्षी सुचेल.

खड्यासाठी काच घेऊ नका. जवळून फोटो काढला की काच सपाट दिसते. लॅबमध्ये तयार केलेला नीलम घ्या, तो रसायनाच्या दृष्टीने नीलमच असतो आणि प्रकाश तसाच आत खेळवतो. फार गडद छटा टाळा. नीलम पिवळ्या बल्बखाली काळपट पडतो, म्हणून अंगठीचे फोटो घेताना खोलीतले सगळे दिवे बंद करा. झुंबर असेल तर ते दिसू द्या, पण पेटवू नका. खिडकीचा उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड, आणि हिऱ्यांच्या जवळ काळ्या कार्डाचा छोटा तुकडा धरा. हिरे आजूबाजूचं सगळं परावर्तित करतात. सगळीकडे पांढरंच असेल तर ते दुधाळ दिसतात, काळ्या कार्डामुळे त्यांच्या कडा उठून येतात. १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घेणारी), अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११, कॅमेरा ट्रायपॉडवर.

ड्रेसच्या निळ्याबद्दल तुमची मैत्रीण बरोबर बोलतेय. इतक्या गडद, चमकदार निळ्यात कॅमेऱ्याचं निळं चॅनल आधी भरून जातं आणि कापडाच्या चुण्या नाहीशा होतात. तिला सांगा की रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) शूट कर, तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) वेगवेगळे बघ आणि एक्स्पोजर थोडं खाली ठेव. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरलं की पुढे रंग जुळवणं सोपं जातं. कापड चकचकीत सॅटिनचं नको. केटचा ड्रेस रेशमी जर्सीचा होता, ते कापड पडतंही छान आणि उजेडात चमकून वरही येत नाही.

वेळेचं भान ठेवा. नोव्हेंबरच्या अखेरीस लंडनच्या परिसरात चारच्या सुमाराला सूर्यास्त होतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. हा उजेड फार मऊ असतो, दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत लांबवर शिरतो. अकरा ते दोन ही तुमची वेळ. मेकअप त्याआधी उरकायला हवा.

हातांकडे कुणी लक्ष देत नाही आणि इथे तर सगळी गोष्ट हाताचीच आहे. थंडीत बोटं लाल होतात, बारीकही होतात, अंगठी फिरते. अंगठीच्या आतल्या बाजूला, तळव्याकडे, ब्लू टॅकचा (चिकट, मऊ पुट्टीचा) कण लावा. फोटोच्या आधी मिनिटभर हात खांद्याच्या वर धरायला सांगा, शिरा बसतात. उभं राहताना नवरी नवरदेवाच्या उजव्या बाजूला असू दे. मग तिचा डावा हात त्याच्या दंडातून सहज पुढे येतो आणि अंगठी कॅमेऱ्यासमोर राहते. हात दाखवतेय असं वाटत नाही, त्याला धरलंय असं वाटतं.

एक फ्रेम माझ्याकडून. विल्यमने केटला केनियात मागणी घातली. त्याआधी तीन आठवडे ती अंगठी तो पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन फिरत होता, हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. जुनी कॅनव्हासची सॅक, तिचा उघडा कप्पा आणि आत अंगठीची डबी. हा फोटो तुमच्या शूटमध्ये असलाच पाहिजे.

परवानगी_आधी

वरच्या प्रतिसादाला जागेपुरती पुरवणी. मी शूटसाठी जागा भाड्याने देण्याच्या कामात आहे. केन्सिंग्टन पॅलेसचा कारभार हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसकडे आणि लागून असलेलं केन्सिंग्टन गार्डन्स द रॉयल पार्क्सकडे, म्हणजे दोन वेगळ्या संस्था. व्यावसायिक फोटोंसाठी दोन्हीकडे आधी परवानगी लागते. 'आम्ही पैसे घेत नाही' हे कारण चालत नाही, कारण फोटो धंद्याच्या जाहिरातीसाठी वापरले जाणार. तुम्ही आतलं दालन निवडलंत तर हा प्रश्नच मिटतो. जुन्या जॉर्जियन घरातली एखादी खोली अर्ध्या दिवसासाठी भाड्याने मिळते, उंच खिडक्या आणि फायरप्लेस तिथे असतातच. ठरवताना खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते विचारा आणि सार्वजनिक जबाबदारीचा विमा (कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा) जवळ ठेवा, मालक मागतात.

मुकुट आणि राजचिन्ह पत्रिकेवर नको. राजघराण्याची चिन्हं व्यवसायासाठी वापरण्यावर ब्रिटनमध्ये निर्बंध आहेत. जोडप्याच्या आद्याक्षरांचा मोनोग्राम करा.

सुमनमावशी

निळाई, तुझं वाचून बरं वाटलं गं. मी बरीच वर्षं इथे शिवणकाम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

ड्रेस रॅपचा, म्हणजे पुढे एकावर एक गुंडाळून बांधायचा असेल तर कमरेच्या आत एक टाका घाल, नाहीतर मुलगी बसली-उठली की पुढचा भाग सरकतो आणि प्रत्येक फोटोआधी ओढत बसावं लागतं. बाही मनगटाच्या किंचित वर संपू दे. लांब बाही अंगठीवर येते.

दुसरं, पुन्हा कधी असं शूट करशील तेव्हा १९४७ चा विचार कर. पुढे राणी झालेली एलिझाबेथ आणि फिलिप यांचा साखरपुडा त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर झाला. युद्ध संपलं होतं, पण कपड्यांचं रेशनिंग चालूच होतं, लग्नाच्या पोशाखालासुद्धा कुपनं लागली. फिलिपच्या आईने स्वतःचा टियारा मोडायला दिला आणि त्यातले हिरे सुनेच्या अंगठीत बसवले. आईच्या दागिन्यातून सुनेची अंगठी, म्हणजे तुला २०१० मध्ये जे भिडलं तेच. तो काळ दाखवायला फार खर्चही नाही. साधा दिवसाचा फ्रॉक, कृष्णधवल फोटो आणि उन्हाळ्यातली बागेतली फुलं. तुला गुच्छासाठी जागा तिथेही नाही, पण बाग असेल!

आणि त्या मुलीची स्वतःची हिऱ्याची अंगठी? ती दिवसभर काढून ठेवायला लावू नकोस. निळ्या अंगठीचे फोटो झाले की तिची अंगठी घालून दोघांचे काही फोटो त्यांच्यासाठी काढ.

निळाई

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रात्री मैत्रिणीबरोबर बसून सगळा बेत नव्याने मांडला.

बाग रद्द. विंडसरच्या बाजूला एका जुन्या घरातली खोली बघितली आहे, दोन उंच खिडक्या दक्षिणेकडे. टियारा, ईझल, केक सगळं गेलं. गुच्छाबद्दल वाईट वाटलं हे खरं, पण हात मोकळे हवेत हे पटलं. आता फायरप्लेसच्या कठड्यावर आणि टेबलावर पांढरे गुलाब व अ‍ॅनिमोनी असतील. सी हॉली फक्त अंगठीच्या फोटोत, तिचा निळसर राखाडी रंग नीलमाच्या शेजारी छान दिसेल असं वाटतं. सॅकची फ्रेम ऐकून नवरदेव खूष झाला, स्वतःची जुनी सॅक घेऊन येतोय.

पत्रिकेऐवजी एक वेगळं सुचलं. इथल्या 'द टाइम्स'मध्ये ठरलेल्या लग्नांच्या छोट्या जाहिराती येतात ना, दोन्ही घरांची नावं असलेल्या, तशी काही ओळींची घोषणा क्रीम रंगाच्या जाड कागदावर खिळ्यांच्या छपाईत करून घेतोय. वर लंबगोल कडं, आत दोघांची आद्याक्षरं.

सुमनमावशी, त्यांच्या अंगठीचे फोटो शेवटचा अर्धा तास राखून काढणार. ती हे ऐकून एकदम हळवी झाली.

एक शंका राहिली. नवरदेवाचा सूट काळा असावा की गडद निळा? आणि तो तिच्याइतकाच उंच आहे, शेजारी उभे राहिले की खांदे एका रेषेत येतात.

उत्तरेची_खिडकी

सूट गडद निळा, पण ड्रेसपेक्षा बऱ्याच काळपट छटेचा, म्हणजे दोन निळे एकमेकांशी भांडणार नाहीत. टाय साधा, चमक नसलेला.

उंचीची काळजी नको. डायना आणि तिचा नवरा चार्ल्स हेही जवळजवळ एकाच उंचीचे होते आणि १९८१ मध्ये काही फोटोंत तो तिच्या वरच्या पायरीवर उभा दिसतो. तुम्हाला तेही करायची गरज नाही. तिला खिडकीच्या बैठकीवर बसवा, त्याला बाजूला जरा टेकून उभं राहू दे आणि तिचा हात त्याच्या हातात. खांदे एका रेषेत हवेच असतील तर दोघांना समोरासमोर, कपाळ जवळ आणून उभं करा. समान उंचीच्या जोडप्याला ही फ्रेम फार शोभते, कारण कुणालाच मान वाकवावी लागत नाही.

अ‍ॅनिमोनी गरम खोलीत भराभर उमलतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. फायरप्लेस पेटवलेली नको. मॅक्रोच्या फोटोसाठी काही कळ्या थंड खोलीत वेगळ्या ठेवा आणि अंगठीचा फोटो दीडच्या आत उरका.