लेझर कटरखाली जाळी की पट्ट्या?

प्रश्न: ४० वॅटचा सीओटू लेझर आहे. गणपतीच्या मखरासाठी ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापते. सपाट पत्र्यावर ठेवून कापलं तर मागून तपकिरी डाग, कडांना काजळी. काल कमळाच्या पाकळ्या रात्री दोनपर्यंत पॉलिश पेपरने घासत बसले होते. खाली हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी) जाळी घेऊ की पट्ट्यांचा बेड (माल ठेवायचा तळ)?

उत्तर: पत्र्यावरून किरण उलटा येतो, धुरालाही वाट नसते. तुमची नक्षी बारीक आहे, जाळीच घ्या. पण जाळीच्या कडांवरूनही किरण परततो, षटकोनी ठसे उमटतात. खालून मास्किंग टेप लावाच.

दुसरं उत्तर: मी जाड अ‍ॅक्रिलिक कापतो, तिथे पट्ट्याच बऱ्या. टेकायला जागा कमी, म्हणून डागही कमी. पण छोटे तुकडे तिरके होऊन नोझलला (किरण बाहेर पडतो त्या टोकाला) अडकतात, पाकळ्यांचं तेच होईल.

प्रश्नकर्ती: मग जाळीच. एमडीएफ पावसाळ्यात वाकतं, चुंबकाने दाबता येईल ना?

उत्तर: स्टीलची असेल तरच, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. बेड बदलल्यावर फोकस (किरण एकवटतो ते अंतर) पुन्हा लावा. आणि ताई, जाळीत साचलेला चिकटा, तुकडे वेळच्या वेळी काढा, आग तिथूनही धरते.