मदत हवी आहे: गॅलिक माध्यमात पी-फोरपर्यंत इंग्रजी नाही, मग ‘दोन्ही भाषा सारख्या’ कशा येणार?

रानजाई:
एडिंबरा, ऑगस्टपासून पी-वन (प्राथमिक शाळेचं पहिलं वर्ष), तेही गॅलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेच्या माध्यमात. घरात मराठी, नर्सरीत इंग्रजी, पालकांना गॅलिक शून्य. शाळेचं उद्दिष्ट दोन्ही भाषांवर सारखं प्रभुत्व हे आहे, पण पहिली तीन वर्षं इंग्रजी शिकवणारच नाहीत. विसंगत नाही का? इंग्रजी वाचन घरी सुरू करावं का? आणि मूल्यशिक्षण वेगळं असतं का?

पाणकावळा:
विसंगत नाही, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. इंग्रजी टीव्हीवर, बसमध्ये, दुकानात फुकट मिळते; गॅलिक मिळते ती वर्गातच. २०२२ च्या जनगणनेत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये ती बोलणारे साधारण ७० हजार. तास निम्मे-निम्मे वाटले की तराजू इंग्रजीकडेच झुकतो. म्हणून १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला जे वर्ग सुरू झाले, ते गॅलिक ‘विषयाचे’ नव्हे, ‘माध्यमाचे’. (काही इंग्रजी शाळांत आठवड्याला थोडं गॅलिक शिकवतात, ते वेगळं. नोंदणीच्या वेळी गल्लत करू नका.)

पी-वन ते पी-थ्री सगळं गॅलिकमध्ये. पी-फोरपासून इंग्रजी वाचन-लेखन सुरू, पण गणित, विज्ञान, परिसर पी-सेव्हनपर्यंत गॅलिकमध्येच. पी-सेव्हनअखेर इंग्रजीत अपेक्षा इतर मुलांइतकीच. पी-थ्री-फोरला इंग्रजी स्पेलिंग कच्चं दिसतं आणि पालक नेमके तिथेच घाबरतात.

मूल्यांसाठी वेगळी पोथी नाही, स्कॉटलंडचा नेहमीचा अभ्यासक्रम ‘करिक्युलम फॉर एक्सलन्स’च. त्याची चार मूल्यं म्हणजे शहाणपण, न्याय, करुणा, सचोटी; हेच शब्द स्कॉटिश संसदेच्या राजदंडावरही कोरलेत. गॅलिकची खरी भर भूगोलात कळते. ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचं मुख हे समजलं की नकाशावरचं इन्व्हर्नेस नुसतं नाव राहत नाही.

चकवाचांदण:
वाचनाबद्दल. घरी इंग्रजी फोनिक्सची (अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवण्याची) घाई नको. अक्षरं तीच, हिशेब वेगळा: गॅलिकमध्ये एस-आय-एन म्हणजे ‘शिन’ (ते), एम-ए-टी-एच म्हणजे ‘मा’ (चांगलं). एम किंवा बी पुढे एच आला की बहुधा ‘व’. वर्णमाला १८ अक्षरांची आणि नियम बऱ्यापैकी पक्के, त्यामुळे आधी गॅलिक बसलेलं सोयीचं. स्वरावर तिरकी रेघ म्हणजे दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे सोपं जावं!

गोष्टी इंग्रजीत वाचून दाखवायला काहीच हरकत नाही. घरची मराठी मात्र मुळीच सोडू नका. ‘तीन भाषांचा गोंधळ’ म्हणून घरी इंग्रजीवर आलात, तर मराठी जाईल आणि गॅलिकला फायदा शून्य. गृहपाठाची पुस्तकं ‘गॅलिक-फॉर-पेरेंट्स’ संकेतस्थळावर वाचून दाखवलेली मिळतात. रोज १० मिनिटं मुलाने ऐकत बोट फिरवावं. तुम्ही उच्चार दुरुस्त करायला जाऊ नका.

रानजाई:
धन्यवाद दोघांनाही. पी-वन इंग्रजीत करून पुढच्या वर्षी बदललं तर?

पाणकावळा:
टाळा. वर्गात सगळं शिकवणं गॅलिकमध्ये. उशिरा आलेलं मूल गणितातही मागे पडतं, गणित न येता नव्हे, प्रश्न न कळून. शाळेला दोन गोष्टी विचारा: डबा खाताना आणि मैदानावर शिक्षक कुठली भाषा बोलतात (गॅलिक गळते ती तिथे), आणि हायस्कूलमध्ये किती विषय गॅलिकमधून. एडिंबरात पुढे जेम्स गिलेस्पीज हायस्कूल. तिथे सगळे विषय गॅलिकमधून नसतात.