रिमवर्ल्ड: एप्रिमेत लावलेला मका जुगस्टमध्ये सगळा मेला, नेमकं काय चुकलं?

निफाडकर_०२

मंडळी मदत हवीय. रिमवर्ल्ड या कॉम्प्युटर गेममध्ये वस्ती उभारून माणसं जगवायची असतात, तर माझी ही पहिलीच कॉलनी, ५ जण आहेत, टेम्परेट फॉरेस्टमध्ये (समशीतोष्ण जंगलात) बेस. गेमचे महिने वेगळेच, एप्रिमे, जुगस्ट, सेप्टोबर, डिसेंबरी; माझा गेम सेप्टोबरमध्ये सुरू झाला, डिसेंबरी पण मस्त गेला, बर्फबिर्फ काही नाही, म्हटलं हा मॅप गरमच दिसतोय. मग ५५०१ साल लागलं, एप्रिमे आला, म्हणजे एप्रिल-मे, आता कडक ऊन पडणार म्हणून २ तारखेला मोठ्ठं शेत करून सगळीकडे मका लावला. १३-१४ तारखेपासून वाढ हळू हळू होत थांबलीच आणि जुगस्ट लागला तसं तापमान शून्याखाली. आधी इथली चार रोपं मेली, मग तिकडची, २ तारखेला उणे ६ झालं तोवर निम्मं शेत गेलं होतं आणि दोन दिवसांत उरलेलं पण गेलं. ५४ टक्क्यांवर होता मका!! आमच्याकडे पारा फारच उतरला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, तसं मी शेताभोवती ८ कॅम्पफायर लावले, लाकडं जळून गेली, एक डिग्री फरक पडला नाही. टाइल (नकाशावरची वस्तीची जागा) निवडताना पिकं वाढायचा काळ ४०/६०, म्हणजे वर्षाच्या ६० दिवसांतले ४०, दाखवत होतं. आता ३४० तांदूळ शिल्लक आहे फक्त. ही माणसं मरू द्यायची नाहीयेत मला, काय करू सांगा.

कोरडवाहू

तुझी टाइल दक्षिण गोलार्धात आहे, खात्रीने सांगतो. महिन्यांच्या नावावर जाऊ नकोस. उत्तरेत एप्रिमे वसंत, जुगस्ट उन्हाळा, सेप्टोबर शरद, डिसेंबरी हिवाळा. दक्षिणेत बरोब्बर उलटं, म्हणजे तू वसंतात उतरलास, डिसेंबरीत उन्हाळा भोगलास आणि हिवाळा तोंडावर असताना मका पेरलास. खाली उजव्या कोपऱ्यात तारखेजवळ ऋतूचं नाव लिहिलेलं असतं, तेवढंच बघायचं.

आणि वर्ष ६० दिवसांचंच आहे, १५ दिवसांचा एक असे चारच महिने. मक्याला माहितीत ११.३ दिवस लिहिलेत पण झाडं रात्री वाढत नाहीत, दिवसाचा साधारण ५५ टक्के वेळच वाढतात, म्हणून साध्या जमिनीत खरे जवळजवळ २१ दिवस धरायचे. तुझ्याकडे ११ उरले होते. भात याच हिशोबाने साडेपाच दिवसांत येतो, तो लावला असतास तर दोन पिकं निघाली असती.

मी वर्ध्याकडचा, घरी शेती आहे, मलाही हे डोक्यात बसायला फार वेळ लागला कारण आपण मृग लागला की आभाळाकडे बघणारी माणसं. या गेममध्ये पावसाचा पिकाशी काहीएक संबंध नाही. वणवा विझतो, माणसं हळू चालतात, बंदुकीचा नेम चुकतो, बास. महिनाभर थेंब पडला नाही तरी मका येतो. इथे सगळा मालक म्हणजे तापमान. ६ ते ४२ मध्ये वाढ पूर्ण वेगात, ६ च्या खाली मंदावते, शून्याला बंद. आणि उणे २ ते उणे १० च्या मध्ये कुठेतरी रोप मरतं, प्रत्येक रोपाचा आकडा वेगळा, म्हणून तुझं शेत एकदम न जाता थोडं थोडं गेलं.

बर्फातली_चूल

शेकोटीचं मी सांगते, कारण हे कुठे नीट लिहिलेलं नसतं. उघड्यावरचं तापमान अख्ख्या मॅपवर एकच असतं. तिथे ८ काय ८० कॅम्पफायर लावलेस तरी काही होणार नाही. उष्णता टिकते ती चारी बाजूंनी भिंत आणि वर छप्पर असलेल्या खोलीतच. पण छप्पर घातलं की उजेड गेला, म्हणून शेत आत न्यायचं तर सन लॅम्प (उन्हासारखा उजेड देणारा दिवा) लागतो, तो एकटाच २९०० वॅट खातो, हीटर त्यामानाने किरकोळ, १७५. ५ जणांच्या पहिल्या हिवाळ्यात मी तरी त्याच्या नादी लागणार नाही.

आत्ताचं बघू. एका माणसाला दिवसाला साध्या जेवणाच्या हिशोबाने १८ च्या आसपास कच्चं धान्य लागतं, पाच जणांचे ९०, म्हणजे तुझा तांदूळ पावणेचार दिवस. सेप्टोबरच्या ३-४ तारखेला जमीन पुन्हा चालू होईल, त्यात भाताचे ५-६ दिवस, म्हणजे अजून २० दिवस काढायचेत, १८०० लागणार. न्यूट्रियंट पेस्टचं (कच्च्या धान्याचा बेचव लगदा करून देणारं) मशीन लावता येत असेल तर आजच लाव, १० च्या जागी ६ मध्ये एक जेवण होतं, गरज ११०० वर येते. मूड थोडा पडतो, पडू दे.

बाकी शिकार. हरणं, म्युफॅलो (गेममधलं लोकरवालं मोठं जनावर) जे दिसेल ते, जनावरं मॅप सोडून जायच्या आत. मांस ठेवायला कूलर नको, हीटर नसलेली छपराची खोली कर आणि दार उघडं ठेव, बाहेर शून्याखाली आहे तोवर आत काहीच सडत नाही.

कोरडवाहू

+१. अजून एक, हे तुझ्या मक्याला लागू नव्हतं पण पुढे कामाला येईल. पीक ६५ टक्क्यांच्या वर गेलं की स्वतः ऑर्डर देऊन कापता येतं, ६५ ला निम्मं उत्पन्न मिळतं आणि पुढे वाढत जातं. माणसं आपणहून मात्र पूर्ण पिकल्यावरच कापतात. कोल्ड स्नॅपचा (थंडीच्या लाटेचा) मेसेज आला की तापमान २० डिग्रींनी उतरतं पण हळूहळू, तेवढ्या वेळात सगळ्यांना शेतावर घालायचं, डॉक्टर बिक्टर सगळे.

मका वाईट नाही हं. दर दिवसाला दर घरामागे (शेतातल्या एका चौकोनामागे) भाताइतकंच धान्य देतो, पेरायची-कापायची मेहनत खूप कमी आणि फ्रीजशिवाय ६० दिवस टिकतो, तांदूळ ४०. फक्त तुझ्याकडे तो वसंताच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे. शरदात भात नाहीतर काहीच नाही.

निफाडकर_०२

बघितलं, विंटर लिहिलंय खरंच, इतके दिवस समोर होतं. पेस्टचं मशीन लागलं, दोन म्युफॅलो पाडले, मांस बाहेरच्या खोलीत टाकलंय, गोठलंय असं दाखवतंय. शिकारीला गेलेल्या पोरीला हायपोथर्मिया झाला म्हणून म्युफॅलोच्या लोकरीचा पार्का (जाड कोट) शिवायला घेतलाय पहिला तिच्यासाठी. सेप्टोबर लागला की ९० घरं भात आणि मागच्या बाजूला जी काळी सुपीक जमीन आहे तिथे मका, ती १४० टक्के दाखवते, मग तो १५ दिवसांत येईल ना?

बर्फातली_चूल

हो, १५ च धर. आणि भात ९० नको, ११० लाव, वरचा साठ्याला.