मदत हवी आहे: जानेवारीत लेह, आणि आम्ही पक्के रत्नागिरीकर
मंडळी, जानेवारीच्या शेवटी मी आणि आई लेहला चाललोय, आणि आमच्याकडे २० डिग्रीला लोक कानटोपी काढतात त्यामुळे रात्री उणे १५ म्हणजे नक्की काय ते डोक्यातच शिरत नाहीये. थर्मलचे दोन जोड घेतलेत, पण त्यावर फ्लीस आणि डाउन जॅकेट दोन्ही लागतं का? जॅकेट तिकडे भाड्याने घ्यावं की इथूनच न्यावं? बूट एक साइज मोठा घेतोय, दोन मोजे मावायला. लेह ३५०० मीटरवर, म्हणून पहिले दोन दिवस नुसता आराम, आईला बीपी आहे त्यामुळे डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) डॉक्टरांना विचारूनच. आणि हो, मोबाईलची बॅटरी थंडीत पटकन उतरते म्हणे, आतल्या खिशात ठेवून भागतं का? हिवाळ्यात खरंच जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, जूनमध्ये गेलेल्यांनी नको!