टोकियोत नवीन येणाऱ्यांनी निशी-कासाईत राहूच नये, असं माझं मत

कोथरूडची_मैना
नवऱ्याची बदली टोकियोला झाली तेव्हा ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, डोळे झाकून निशी-कासाईत घर घ्या, टोकियोतली भारतीय वस्तीच ती, आपली माणसं आहेत. आता आलेय तर जपानात आलोय असं वाटतच नाही हो. लिफ्टमध्ये हिंदी नाहीतर तेलुगू, दुकानात तूरडाळ, हिंग, पोहे सगळं हजर, मुलगी बागेत खेळून खेळून हिंदीत पक्की झाली आणि जपानी शून्य. शिंजुकु स्टेशनात पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं टोकियो काय चीज आहे, एवढी माणसं आणि नुसते बुटांचे आवाज, आरडाओरडा कुणाचा नाही. ते शहर सोडून आपणच आपल्यात बसायचं तर विमानाचं तिकीट कशाला काढायचं? भांडायचं तर भांडा.

बदलापूर_फास्ट
अहो ताई, हे सगळं घर मिळाल्यावर सुचतं. एजंटच्या समोर बसून बघा एकदा. तो मालकाला फोन लावतो, "गायकोकुजिन", म्हणजे परदेशी, एवढा एकच शब्द आपल्याला कळतो, मग तो बसल्या बसल्या फोनलाच दोनदा वाकतो आणि फोन ठेवून आपल्याला सॉरी म्हणतो. परदेशी भाडेकरू नको. जो हो म्हणेल तो रेइकिन मागणार, म्हणजे नजराणा, परत न मिळणारा, डिपॉझिट वेगळं, वर हमीदार आणा. नवख्याने हमीदार कुठून पैदा करायचा? इथे निशी-कासाईत यूआरच्या, म्हणजे सरकारी गृहसंस्थेच्या, बिल्डिंगी आहेत, त्यांना नजराणा नको, हमीदार नको, दलालीही नाही. २००० च्या आसपास वायटूकेच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सन २००० च्या तारखेच्या घोळाच्या, कामाला आलेली आयटीवाली मंडळी म्हणून तर इथे टिकली, शिवाय मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं सरळ.

कोथरूडची_मैना
तोझाई लाइनचं कौतुक नका सांगू. कोरोनाच्या आधी सकाळी किबा ते मोन्झेन-नाकाचो १९९ टक्के गर्दी असायची, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट.

बदलापूर_फास्ट
बदलापूरच्या माणसाला गर्दी सांगताय?

नेरिमातला_सांगलीकर
मैनाताईंशी सहमत. मी मुद्दाम टोकियोच्याच नेरिमा वॉर्डात घर शोधलं, आसपास आपलं कुणी नाही. सुरुवातीला चुकीच्या दिवशी कचरा ठेवला की पिशवी तशीच, वर स्टिकर. शेवटी शेजारच्या आजींनी कॅलेंडर हातात घेऊन सगळं समजावलं, कुठला कचरा जळणारा आणि कुठला नाही, बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. माझं जपानी त्या आजींनी सुधारलं, क्लासने नाही. ट्रेनमध्ये आपल्या शेजारची सीट रिकामी राहते हेही खरं, पण मी तिथे बॅग ठेवत नाही, उगाच त्यांना कारण नको.

वडा_आणि_वसाबी
दादा, तुमचं ठीक आहे, सकाळी निघालात की ऑफिस आहे, बोलायला माणसं आहेत. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बाईचं काय? परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासच काम, आणि भाषा नसेल तर तेही कोण देतंय. रात्री पोराला ताप चढला की अँब्युलन्सचा ११९ लावून काय बोलणार? समोरच्या दारातली मराठी काकू त्या वेळी जपानपेक्षा मोठी असते. आणि आपल्यांत राहिलं की माणूस जपान्यांत मिसळत नाही हे कुणी सांगितलं? आपले मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निशी-कासाईतच राहायचे आणि २०१९ ला इथल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. परदेशी नागरिकांना तिथे मत नाही, म्हणजे मतं जपानी नागरिकांनीच दिली ना?

नेरिमातला_सांगलीकर
असे पुराणिक किती निघाले पण? बाकीचे वीस वर्षं राहून कोन्निचिवाच्या पुढे गेले नाहीत, असे मीच बघितलेत.

वडा_आणि_वसाबी
ते नेरिमात राहूनही गेले नसते. आळस पत्ता बघून येत नाही.

कोथरूडची_मैना
ताप-दवाखान्याचा मुद्दा मान्य, तिथे गप्प बसते. बाकी मत तेच. घर लगेच नाही सोडणार पण एप्रिलपासून मुलीला वॉर्डाच्या जपानी शाळेत पहिलीत घालतेय, नवरा अजून कुरकुरतोय. ते रांदोसेरू दप्तर नवीन घ्यायचं तर साठ-सत्तर हजार येन सहज जातात, दप्तराला एवढे! वापरलेलं कुठे मिळतं का?

बदलापूर_फास्ट
आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका. मार्चमध्ये सहावीची पोरं सुटतात, एखादं तरी निघेल. लाल चालेल ना?